पायॉनचा प्रभार जातो कुठे?

पायॉन हा धन, ऋण किंवा उदासीन असू शकणारा एक अल्पायुषी सूक्ष्म कण. धन पायॉन अणुकेंद्रकावर आदळतो आणि बाहेर पडतो तो उदासीन होऊन. मग त्याचा प्रभार गेला कुठे, असं वर विचारलंय. तो केंद्रकातल्या एखाद्या न्यूट्रॉनला मिळतो आणि त्याचा प्रोटॉन होतो. बाकी रचना जशीच्या तशी राहिली, तर नवं केंद्रक हे मूळ केंद्रकाचं जणू जुळं भावंडच. उदासीन पायॉन क्षणार्धात दोन गॅमा किरणांत विघटित होतो. अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेत हे दोन्ही किरण एकाच वेळी पकडून त्या उदासीन पायॉनची ऊर्जा आणि दिशा काढत असत.

मला खरी ओढ आहे ती प्रभाराच्या दुहेरी अदलाबदलीची. धन पायॉन आत, ऋण पायॉन बाहेर! प्रभारात दोनचा फरक, म्हणजे एकट्या न्यूट्रॉनचं हे काम नव्हे, किमान दोन हवेतच. कार्बन-१४ चा असा ऑक्सिजन-१४ होतो. आता गंमत बघा: पायॉनची ऊर्जा सुमारे ५० मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट असताना एकेरी अदलाबदल सरळ पुढच्या दिशेने जवळजवळ शून्यावर येते, कारण पायॉनच्या एस आणि पी लहरींचे (कोनीय संवेग शून्य आणि एक असलेल्या भागांचे) वाटे एकमेकांना खोडतात. मग दुहेरी तर नगण्यच असायला हवी. पण १९८०च्या दशकातल्या प्रयोगांत ती पुढच्याच दिशेने ठळक दिसली! कारण पायॉन पहिल्या न्यूट्रॉनवरून तिरका वळून दुसऱ्यावर जाऊ शकतो. ते दोघे जवळजवळ असतील तर ही वाट आणखी सोपी. म्हणूनच न्यूक्लिऑन, म्हणजे प्रोटॉन आणि न्यूट्रॉन, केंद्रकाच्या आत एकमेकांच्या किती जवळ वावरतात, हे या मोजमापांतून तपासता आलं.