कोनफ्लॉवरला खत नको, ऊन द्या
कोनफ्लॉवरचे (म्हणजे एकिनेशिया, मधे बोंड असलेलं फुलझाड) दांडे आडवे पडतायत, काय करावं, या प्रश्नावर काहींनी अजून खत घाला असं सुचवलंय, ते काही पटलं नाही. उलट खतातल्या जास्त नायट्रोजननेच दांडे लांबडे नि पोचट होतात, मग एका पावसात लोळण. माझे दोन वर्षं असेच लोळले, खत बंद केलं नि ६-७ तास थेट ऊन मिळेल तिथे नवी रोपं लावली तेव्हा कुठे ताठ उभी राहिली (जुनी हलवू नका, मूळ खोल जातं, तुटलं की झाड रुसतंच).

आणि एक कुणी बोललंच नाही, फुलाच्या मधल्या बोंडातून हिरव्या पानांसारखे झुपके फुटले तर नवी व्हरायटी समजून कौतुक करत बसू नका, तो अ‍ॅस्टर यलोज रोग, तुडतुडे (रस शोषणारे छोटे किडे) तो पसरवतात, औषध नाही, झाड मुळासकट काढायचं. मी कौतुकात महिना घालवला नि शेजारची तीन झाडं गेली.