शब्दचर्चा: ‘ग्रेडियंट फेड’ला काय म्हणायचं? फिकट, पुसट की आणखी काही?

सीजीवाला
सोलापुरातल्या एका लोकल चॅनेलच्या ग्राफिक्सवर बसतो. नव्या पोरांसाठी मराठीत टिपण लिहितोय आणि एका शब्दावर अडलोय. फोटोची उजवी कड हळूहळू नाहीशी होत मागच्या लाइव्ह चित्रात मिसळते, त्याला आम्ही ‘ग्रेडियंट मारणे’ म्हणतो. टिपणात लिहिलं, ‘कड फिकट करत न्या.’ एका पोरानं शब्दशः तेच केलं. गड्डा यात्रेच्या लाइव्हसाठी सिद्धेश्वर तळ्याचा फोटो घेतला आणि त्याची कड पांढरी करत नेली. त्याच्या स्क्रीनवर मागे पांढरंच होतं, त्यामुळे झकास दिसलं. नंदीध्वजांच्या मिरवणुकीवर चढवला तर मधोमध पांढरा पडदा! वर म्हणतो, “तुम्हीच फिकट म्हणलात की.” खरंय, चूक शब्दाची. दुसरा सुचवा.

मास्तर
परिभाषेत ग्रेडियंटला ‘प्रवणता’ आहे. त्यावरून ‘पारदर्शक प्रवणता’ होईल.

सीजीवाला
सर, पीसीआरमध्ये, म्हणजे लाइव्हच्या कंट्रोल रूममध्ये, ‘पारदर्शक प्रवणता लाव’ म्हणेपर्यंत मिरवणूक संमती कट्ट्यावर पोचलेली असेल. शिवाय पारदर्शक म्हटलं की काच आठवते, सगळीकडून सारखीच. आमची कड एका टोकाला भक्कम आणि दुसऱ्या टोकाला नाहीच, अशी असते.

मागावरची
मी यंत्रमागवाल्यांच्या घरातली. आमच्याकडे जुन्या कापडाच्या दोन तक्रारी असतात आणि त्या कुणी एकमेकींत मिसळत नाही. ‘रंग विटला’ ही एक, ‘कापड विरलं’ ही दुसरी. चादर उन्हात वाळवून वाळवून कितीही विटली, तरी तिच्यातून पलीकडचं दिसत नाही. विरली की दिसतं. दहा वर्षं वापरलेला टॉवेल खिडकीसमोर धरून बघा. भोक कुठेच नसतं, पण जिथे धागे झिजलेत तिथून खिडकीचे गज दिसतात. तुमच्या पोरानं कड विटवली. तुम्हाला विरवायची होती.

सीजीवाला
ताई, बसलं! अगदी असंच आहे ते. फोटोतल्या प्रत्येक पिक्सेलला रंगाशिवाय आणखी एक आकडा असतो, अल्फा. नेहमीच्या ८ बिटच्या फोटोत तो ० ते २५५. २५५ म्हणजे नवं कापड, ० म्हणजे कापडच नाही. १२८ असेल तर साधारण निम्मं फोटोतलं दिसतं, निम्मं मागचं. फोटोच्या रंगाला हात लागत नाही. ग्राफिक्सच्या मशीनमधून स्विचरकडे, म्हणजे चित्रं एकमेकांवर चढवणाऱ्या यंत्राकडे, सिग्नलही दोन जातात. फिलमध्ये चित्र आणि कीमध्ये त्याचा काळा-पांढरा नकाशा. कीमध्ये पांढरं तिथे फोटो, काळं तिथे मिरवणूक, करडं तिथे दोन्ही मिसळून. ग्रेडियंट जायला हवा कीमध्ये, पोरानं मारला फिलमध्ये.

शब्दवेडा
‘विरणे’ छान आहे, पण आवाज विरतो, धुकं विरतं, ते वेळेबरोबर. दृश्य संपताना अख्खी स्क्रीन काळी होत जाते त्यालाही उद्या कुणी विरणंच म्हणेल. तुमची कड तर जागच्या जागी थांबलेली.

मागावरची
मग ‘विरती कड’ म्हणा. पदराचं जरीचं टोक, तसं फोटोचं विरतं टोक. (आमच्या गावात विणणं आणि विरणं यांत एका अक्षराचाच फरक, धंद्याचं काय सांगू!)

शब्दवेडा
चालेल. ‘पुसट’ मात्र नको, ते पाटीवरच्या अक्षरासाठी. ‘धूसर’ म्हणजे ब्लर, तेही बाद. आणि अल्फाला मराठी शोधू नका. एड कॅटमल आणि अल्वी रे स्मिथ यांनी १९७०च्या दशकात हे काढलं तेव्हा दोन चित्रं मिसळायच्या सूत्रात ते ग्रीक अक्षर होतं, तेच नाव पडलं. गणितातला ‘पाय’ (π) आपण कुठे बदलतो?

सीजीवाला
तसं तर नाव-पट्टीलाही न्यूजरूममध्ये ‘अ‍ॅस्टन’च म्हणतात. मूळ ती पट्टी टाकायची मशीन बनवणारी कंपनी. झेरॉक्ससारखंच.
ओपॅसिटीचं काय करू? एका सॉफ्टवेअरमध्ये ओपॅसिटी, दुसऱ्यात ट्रान्सपरन्सी. ७० लिहिलं की एकीकडे बरंचसं दिसतं, दुसरीकडे बरंचसं जातं.

मागावरची
दाट आणि विरळ. वीण दाट ७०, नाहीतर विरळ ७०. गोंधळ होणार नाही.

मास्तर
हे ‘अपारदर्शकते’पेक्षा सरस आहे, मान्य.

सीजीवाला
आता शेवटचं. कधीकधी विरत्या कडेला काळपट रेघ येते. फोटो सेव्ह करताना रंग आधीच अल्फानं गुणलेले असतात. सॉफ्टवेअरला ते सांगितलं नाही तर ते पुन्हा गुणतं आणि कड अंधारते. आम्ही ‘काळी किनार’ म्हणतो.

मागावरची
किनार कशाला, साडीची बदनामी! कडेला काजळी धरली म्हणा.

शब्दवेडा
आणि गडद निळ्यावर लांब ग्रेडियंट दिला की उभे पट्टे पडतात, ते?

सीजीवाला
१९२० पिक्सेल रुंदीत पायऱ्या २५६च, म्हणजे एकेक पायरी साडेसात पिक्सेलची. डोळ्याला दिसणारच. बारीक दाणे मिसळले की लपतात. त्याला ‘पट्टे’च ठेवतो, चादरीवर शोभतात, स्क्रीनवर नाही.
टिपणातलं वाक्य बदललं: ‘कीमध्ये उजवी कड विरवा. डावीकडचे दोन भाग पूर्ण दाट, तिसऱ्या भागात विरळ करत शून्यावर न्या. रंगाला हात लावू नका. मागे पांढरं नाही, चालता व्हिडिओ ठेवून तपासा.’ त्याच पोराला वाचायला दिलं. म्हणतो, “म्हणजे आजीच्या टॉवेलासारखं?”