गाजरगवताची ॲलर्जी: टॅक्रोलिमस मलमाने आग होते, बंद करावं का?

काळीकसदार (दारव्हा)
काकाजी ५८ वर्षांचे, रोज वावरात. चेहरा, मान आणि हातांच्या पाठी लाल होऊन चामड्यासारख्या जाड झाल्यात. पॅच टेस्टमध्ये (कातडीवर पट्ट्या चिकटवून करतात ती ॲलर्जीची तपासणी) गाजरगवत निघालं. आता नुसतं ऊन लागलं तरी अंग पेटतं. क्लोबेटासोल हे जोरदार स्टिरॉइड मलम लावून लावून गालांची कातडी पातळ झाली, म्हणून डॉक्टरांनी टॅक्रोलिमस ०.१ टक्के दिलं. दोनच दिवसांत एवढी आग झाली, की ते आता लावायला तयार नाहीत.

पळसफूल
आत्ताच सोडू नका. ही आग बहुतेकांची आठवडाभरात उतरते. ओल्या कातडीवर लावलं की जास्त झोंबतं, म्हणून तोंड धुतल्यावर टिपून घ्या, १५-२० मिनिटं थांबा, मग लावा. ट्यूब फ्रिजमध्ये ठेवली तर गार मलम सोसवतं. फोड, पू किंवा चिघळलेली जागा असेल तर मात्र लावू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. वरून पट्टी बांधायची नाही. दारू घेतल्यावर चेहरा लालबुंद होऊ शकतो, तेही काकाजींना सांगून ठेवा.

माप असं: बोटाच्या शेवटच्या पेराएवढी मलमाची रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. चेहरा आणि मानेला अशा अडीच रेघा, दिवसातून दोनदा. म्हणजे १० ग्रॅमची ट्यूब चारच दिवस पुरते. ट्यूब महाग, म्हणून लोक वाटाण्याएवढं लावतात आणि मग ‘गुण नाही’ म्हणतात.

स्टिरॉइडसारखी कातडी यानं पातळ होत नाही. गालांसाठी हेच बरं.

निंबोणी
धुऱ्यावर गाजरगवत तसंच राहिलं तर मलम किती पुरणार? फुलावर येण्याआधी, जमीन ओली असताना मुळासकट उपटा, पण काकाजींच्या हातून नाही. वाळलेल्या गवताची धूळसुद्धा बाधते. जाळू तर अजिबात नका. वावरातला दुपट्टा रोज धुवा. तोच तोंडाला गुंडाळला तर सगळी धूळ चेहऱ्यावरच बसते. झिंक ऑक्साइडचं, किमान एसपीएफ ३० असलेलं सनस्क्रीन दर दोन तासांनी लावा. गाडीच्या काचेतून यूव्हीए किरणं आत येतात, तेव्हा बसल्या जागीही हवंच.

काळीकसदार
माहितीपत्रकात कर्करोगाचा इशारा आहे. घरचे घाबरलेत.

पळसफूल
२००६ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं (औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं) तो इशारा घालायला लावला. मलमामुळेच कर्करोग होतो असं सिद्ध झालेलं नाही. तरी विनाकारण वर्षानुवर्षं लावू नये आणि लावताना ऊन टाळावं, हे खरंच.

सहा आठवड्यांत फरक नसेल तर परत दाखवा. बीपीच्या गोळ्यांचं पाकीट सोबत न्या, कारण काही गोळ्यांत असलेल्या हायड्रोक्लोरोथायाझाइडमुळेही ऊन बाधतं. पुढची पायरी बहुधा अझाथायोप्रिनच्या (प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या) गोळ्या. त्या सुरू करण्याआधी आणि नंतरही ठरावीक अंतरानं रक्तपेशी व यकृताची तपासणी लागते. युरिक ॲसिडसाठी ॲलोप्युरिनॉल चालू असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा. दोन्ही एकत्र घेतल्यानं रक्तपेशी धोकादायक कमी होतात.