ताडोब्याच्या बफरमध्ये झाडे आहेत, मग गवत का नाही?

पायवाट:
गेल्या ऑक्टोबरच्या अखेरीस आम्ही चौघे ताडोब्यास गेलो होतो. पहिल्या सकाळी जुनोन्याच्या बाजूने बफरमध्ये, म्हणजे व्याघ्र प्रकल्पाच्या गावे असलेल्या बाहेरच्या पट्ट्यात, फेरी झाली आणि दुसऱ्या दिवशी मोहर्लीच्या दरवाजाने कोअरमध्ये, म्हणजे आतल्या राखीव जंगलात. बफरमध्ये साग चांगला उंच होता, बांबूची बेटे होती, मधूनच ऐन आणि धावडा दिसत होता. परंतु झाडांखाली पाहिले, तर कमरेएवढी रानतुळस आणि तिचा तो उग्र वास. जिथे ती नव्हती तिथे शेंगा धरलेला तरोटा. गवत म्हणावे असे फारसे कुठे नव्हतेच. दुसऱ्या दिवशी जामणीच्या मैदानाशी पोहोचलो तेव्हा मात्र गवत चितळांच्या पोटाला लागत होते आणि कळप मोजताना आमचा हिशेब दोनदा चुकला.

दोन्ही ठिकाणांमधील अंतर काही फार नाही आणि पाऊसही तोच. गाडीतील मार्गदर्शकांना विचारले तेव्हा त्यांनी ‘गुरं’ एवढ्या एका शब्दात उत्तर दिले. हे उत्तर पुरेसे आहे का? बफरचे जंगल म्हणजे कोअरच्याच जंगलाची झिजलेली आवृत्ती समजायची, की तिथली झाडेझुडपे आणि प्राणी यांचा काही वेगळा हिशेब आहे?

जाता जाता आणखी एक शंका. बफरमधील रस्त्याच्या कडेला, एका सागाखाली, लहान लहान लेंड्यांचा ढीग दिसला. काही लेंड्या ताज्या आणि काही पार वाळून पांढुरक्या पडलेल्या होत्या. इतक्या लेंड्या एकाच जागी कशा, हे आमच्यापैकी कोणालाच सांगता आले नाही.

धुऱ्यावरून:
मी बफरमधील एका गावात बरीच वर्षे शिक्षक होतो, त्या अनुभवावर लिहितो.

जामणीचे मैदान मुळात मैदान नव्हतेच, ती गावाची शेती होती. ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ सालचे, ११६.५५ चौरस किलोमीटरचे. अंधारी अभयारण्य १९८६ सालचे, ५०८.८५ चौरस किलोमीटरचे. या दोहोंच्या मिळून झालेल्या सुमारे ६२५ चौरस किलोमीटरच्या कोअरमध्ये कित्येक गावे नांदत होती. त्यांतील काही टप्प्याटप्प्याने बाहेर वसवली गेली. जामणी आणि नवेगाव ही गेल्या दशकातली, तर पांढरपौनी त्यांच्याही पुष्कळ आधीची. घरे उतरवली गेली, धुरे (शेताच्या कडेचे बांध) सपाट होत गेले आणि पिढ्यान्‌पिढ्या नांगरलेली, शेणखत मुरलेली, झाडांची खुंटे कधीच काढून टाकलेली ती जमीन गवताला आयती मिळाली. शिवाय तिथे वनविभाग झुडपे आणि अखाद्य तण उपटून काढतो. तेव्हा आपण तुलना केली ती उभ्या जंगलाची आणि सोडलेल्या शेताची. कोअरमध्येही बांबूच्या दाटीत शिरलात, तर खाली गवत शोधावे लागेल. पर्यटकांची गाडी तिथे थांबत नाही, कारण तिथे काही दिसत नाही.

कोअरमधील सर्वांत समृद्ध कुरणे माणसाने कसलेल्या जमिनीवर उगवली आहेत, ही गोष्ट सहलीच्या माहितीपत्रकात क्वचितच आढळते. जामणीच्या शिवारात ज्यांनी धान पिकवले, त्यांच्यापैकी काहींना मी ओळखतो. चितळांची छायाचित्रे पाहताना ते आधी आपली बांधी (धानाचे खाचर) कुठे होती ते शोधतात.

बिजासाल:
वरील उत्तर मोलाचे आहे, मात्र त्यामुळे मार्गदर्शकांचे ‘गुरं’ हे उत्तर खोटे ठरत नाही. मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते, म्हणून थोडे तपशिलात लिहिते.

बफर २०१० मध्ये अधिसूचित झाला. त्याचे क्षेत्र सुमारे ११०० चौरस किलोमीटर असून त्यात ७९ गावे आहेत. या गावांची गुरे पहिल्या पावसापासून जंगलात जातात. चांगल्या चवीचे बहुवर्षायू गवत कोवळे असतानाच खुडले जाते, फुलोऱ्यावर येतच नाही. साहजिकच त्याचे बीही पडत नाही आणि दरवर्षी त्याचा एकेक ठोंब कमी होतो. रानतुळशीला गुरे तोंड लावत नाहीत. मोकळी झालेली जागा तिच्याकडे जाते. तिच्या फुलाखालचा पेला वाळला की त्याचे टोकदार काटे जनावरांच्या केसांना चिकटतात आणि आतले बी ओले झाले की सब्जासारखे बुळबुळीत होऊन जिथे पडेल तिथे धरून बसते. म्हणजे गुरे गवत संपवतात आणि वर रानतुळशीची पेरणीही करून देतात. तरोट्याचेही तसेच, फक्त पावसाळ्याच्या तोंडी त्याची कोवळी पाने आपण भाजी म्हणून खुडतो तेवढीच काय ती त्याला कात्री. रानतुळस काढायचीच असेल तर फुलोऱ्यापूर्वी मुळासकट उपटावी लागते. तुम्ही गेलात त्या सुमारास कापणी केली तर बी झडून काम दुप्पट होते, आणि तरीही अशी उशिराची कापणी चाललेली मी पाहिली आहे.

दुसरे कारण साग. बफरमध्ये आणि त्याच्या आसपास मुद्दाम लावलेला सागही पुष्कळ आहे. एकाच वयाच्या सागाखाली पावसाळाभर मोठ्या पानांची सावली असते, नंतर त्याच पानांचा जाड थर जमिनीवर बसतो. मिश्र जंगलात ऐन, धावडा, बिजा, हळदू, तेंदू, बेहडा यांची पाने वेगवेगळ्या आकारांची असतात आणि वेगवेगळ्या वेळी गळतात, त्यामुळे खाली ऊन झिरपत राहते.

आणि तिसरे कारण आग. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले नीट वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात, तेंदूला नवी पालवी भरपूर फुटावी म्हणूनही कुठे कुठे वणवा लावला जातो. साग आणि तेंदू आगीतून सावरून खोडापासून किंवा मुळापासून पुन्हा फुटतात. बिजा, हळदू यांची कोवळी रोपे मात्र मरतात. असे वर्षानुवर्षे चालले की जंगल हिरवेच दिसते, पण त्यातील झाडांच्या जाती कमी होत जातात.

टोळी:
बिजासाल यांच्या पहिल्या दोन मुद्द्यांशी मी सहमत आहे. तिसऱ्याबाबत एक बाजू राहिली आहे. आमच्या घरी चार मोहाची झाडे आहेत, म्हणजे ती आमच्या धुऱ्यावर आणि लगतच्या जंगलात उभी असून त्यांखालचा मोह आमच्या घराने वेचायचा, असे गावात पूर्वीपासून ठरलेले आहे.

मोहाचे फूल रात्री उमलते आणि पहाटे गळते. गळते ती पांढुरकी, गरदार, गोड पाकळ्यांची पोकळ गोळी. देठ आणि लवदार तपकिरी पेला फांदीवरच राहतो व त्यातून पुढे टोळीचे फळ धरते. पहाटे झाडाखाली उभे राहिल्यास थेंबाथेंबाने टपटप ऐकू येते. अर्ध्या-पाऊण तासात टोपली भरते, पण पाचोळ्याच्या रंगात मिसळलेली फुले दिसायला जमीन स्वच्छ हवी. माझ्या आईने पाचोळा कधीही पेटवला नाही, ती खराट्याने झाडते आणि जुन्या साड्या अंथरते. पेटवणारे पेटवतात हे मी नाकारत नाही, कारण चार झाडांखालचे झाडणे हे दररोजचे दोन माणसांचे काम आहे आणि काडी लावणे एका मिनिटाचे. परंतु वणवा लावणाऱ्यांच्या यादीत गावाचे नाव लिहिताना हेही लिहावे की बफरमध्ये मोहाची जुनी, छत्रीसारखी पसरलेली झाडे उभी आहेत ती त्याच गावांमुळे. बांध घालताना, जमीन मोकळी करताना बाकी झाडे तोडली गेली. मोहाला कोणी हात लावला नाही.

आता अस्वलाविषयी. मोह आमचा तसा त्याचाही. तेही पहाटेच येते, त्याचेही डोके खाली फुलांत असते आणि त्याची नजर मुळातच अधू. वेचणारी बाईही वाकलेली असते. दोघांनाही एकमेकांची चाहूल दहा-पंधरा पावलांवर लागते, आणि बहुतेक हल्ले असे दचकून होतात. उजाडल्यावर, सोबतीने, बोलत-खाकरत जावे असे सर्वजण सांगतात. ते बरोबरच आहे, मात्र उजाडेपर्यंत निम्मा मोह चितळ, भेकर आणि गुरे खाऊन जातात. मे महिन्यात तेंदूपाने तोडतानाही हीच पहाटेची घाई असते. ७० पानांचा एक पुडा, असे शंभर पुडे करायचे तर ऊन चढण्याआधी जंगलात पोहोचावे लागते. त्याच अस्वलाच्या विष्ठेतून तेंदू, जांभूळ, बहावा यांच्या बिया रानभर पसरतात, हेही या हिशेबात धरायला हवे.

निवांत नाला:
प्राण्यांविषयीचा अर्धा प्रश्न अजून शिल्लक आहे. पक्षी-प्राणी पाहण्यासाठी मी दोन्ही भागांत नियमित जातो, त्यावरून सांगतो.

चितळाला गवत लागते, म्हणून आपण पाहिलेला फरक सर्वांत ठळकपणे चितळांत उमटतो. सांबर झाडपाला अधिक खाते, त्याला बफरही चालतो, फक्त दिवसा ते डोंगरउतारावरच्या दाटीत असते. रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर मात्र बफरमध्ये कोअरइतकीच, कधी अधिकही भेटतील, कारण तेथे शेत आहे. पूर्व विदर्भात धान कापण्याआधीच त्या ओलीत लाखोळी पेरतात. पुढे हरभरा येतो. जंगल वाळायला लागते नेमके तेव्हा बांध्यांमध्ये हिरवे उभे असते. डुकरांमागे वाघ येणारच. त्यातही कोअरमध्ये जागा न मिळालेले दोन-अडीच वर्षांचे तरुण वाघ बफरमध्ये अधिक असतात. दिवस ते ओढ्याकाठच्या करंजाच्या किंवा जांभळीच्या गारव्यात काढतात आणि तिन्हीसांजेनंतर धुऱ्यावरून चालतात. याच वाटेने ते ब्रह्मपुरीच्या जंगलात आणि पुढेही जातात. डुकरांसाठी शेताभोवती तारेत चोरून सोडलेली वीज वाघाचाही जीव घेते, माणसाचाही.

मामा तलावांचा, म्हणजे जुन्या जमीनदारी काळातल्या माजी मालगुजारी तलावांचा, उल्लेख कोणी केला नाही, याचे आश्चर्य वाटले. जुनोन्याला गेला होता तर तिथला तलाव पाहिला असेलच. शिंगाडा, कमळ, काठचे देवधान आणि त्यांत वावरणारे कमळपक्षी व अडई बदके हे सारे माणसाने घातलेल्या पाळीमुळे आहे. अनेक तलावांच्या काठावर आता बेशरम ही झुडुपवजा वनस्पती माजली आहे. तिचा काही बंदोबस्त झाला नाही तर पाणी राहील, पण पाणपक्ष्यांना उतरायला जागा राहणार नाही. माझ्या मते रानतुळशीपेक्षाही हा विषय आधी हाती घ्यावा.

पायवाट:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. पुढच्या खेपेस जामणीला गेल्यावर बांध्यांच्या खुणा शोधीन. लेंड्यांचे कोडे तेवढे राहिले. ढीग साधारण पसरट ताटाएवढा होता आणि लेंडी शेळीच्या लेंडीपेक्षाही थोडी लहान वाटली. जागा ओढ्यापासून फार दूर नव्हती.

निवांत नाला:
या वर्णनावरून तो चौशिंगा, म्हणजे चार शिंगांचा लहान कुरंग, असावा. एकाच ठरावीक जागी पुन्हा पुन्हा लेंड्या टाकण्याची सवय रोह्यालाही आहे, म्हणून लोकांची गल्लत होते. परंतु रोह्याची लेंडी चांगली मोठी असते आणि ढीग बराच ऐसपैस, बहुधा मोकळ्यावर. चौशिंगा एकटा किंवा जोडीने राहतो, उघड्या मैदानात सहसा येत नाही आणि पाण्यापासून फार लांबही जात नाही, त्यामुळे ओढ्याची खूण जुळते. जामणीच्या कुरणात तो आपल्याला दिसण्याची शक्यता कमीच. पुन्हा जुनोन्याच्या बाजूला गेलात, तर त्या सागापासून पन्नास-साठ पावलांवर गाडी बंद करून थांबा आणि रानतुळशीच्या वरून पाहण्याऐवजी तिच्या खोडांमधून पाहा. तो बोकडाच्या उंचीचा असतो.