मगरीचं तोंड पहिलीत पाहिजेच कायले?

झेडपीचा मास्तर:
यवतमाळकडं दोनशिक्षकी शाळेत पहिली-दुसरी सांभाळतो. लहान-मोठी संख्या म्हटलं की आपण पहिल्याच आठवड्यात < > ची मगर फळ्यावर काढतो, "मगर मोठ्याले खाते" म्हणतो अन् पोट्टे पानंच्या पानं भरून देतात. मागच्या वेचणीत वर्गातली एक पोरगी सांगत होती, आईनं ४२ किलो कापूस वेचला, मावशीनं ३९. म्हटलं जास्त कोणाचा? तं म्हणे मावशीचा. आता मगर तिची फळ्यावर एकदम झकास निघते बरं का. मग तिला हळूहळू म्हणायला लावलं. एकोणचाळीस. बेचाळीस. दोन्हीत चाळीसच ऐकू येते, उरलं काय तं 'एकोण'चा नऊ अन् 'बे'चा दोन! तिच्या कानानं ती चुकलीच नव्हती. दहा-दहाच्या जुड्या बांधून दिल्या, चार जुड्या दोन काड्या, तीन जुड्या नऊ काड्या, पाहिलं अन् स्वतःच हसली. म्हणून म्हणतो पहिलीत जुड्याच पुरे, चिन्ह दुसरीत दोन दिवसात येते.

दोन लेकरांचा बाप:
सर राग नका मानू, पण काड्या आमच्या वावरात काय कमी आहेत? त्यासाठी शाळेत कायले धाडू. तालुक्याच्या कॉन्व्हेंटमधलं एवढंसं पोट्टं चढता-उतरता क्रम घडाघडा लिहिते. नियम सांगा ना सरळ, ज्यात अंक जास्त ती मोठी, अंक सारखे तं डावीकडून पाहा. झालं. मी असाच शिकलो, कृषी केंद्राच्या बिलात मले कोणी फसवत नाही.

झेडपीचा मास्तर:
भाऊ नियम खराच आहे. पण डावीकडूनच का, हे विचारलं की पोट्टं गप. ४२ मधला ४ म्हणजे चार जुड्या हे हाताला कळलं असंल तं नियम ते स्वतःच सांगते.

शेजारच्या केंद्रातला:
अन् वेळ? निपुण भारत, म्हणजे केंद्र सरकारची लहान वर्गांच्या वाचन-गणिताची मोहीम, तिचं लक्ष्य पाहा, पहिलीअखेर ९९ पर्यंत वाचता-लिहिता आलं पाहिजे, दुसरीअखेर ९९९. एवढ्या जुड्या बांधायच्या तं शिकवायचं कधी, माहिती भरायची कधी?

रिटायर बाई, वर्धा:
मी मगरीच्या बाजूनं आहे, कारण वेगळं आहे. हे चिन्ह थॉमस हॅरियट या इंग्रजाच्या १६३१ साली छापलेल्या पुस्तकातलं, वाचायचं त्यांच्या बोलण्याच्या क्रमानं. आपण बोलतो "३९ पेक्षा ४२ मोठी", लहान आधी. समोर ४२ > ३९ असलं की लेकरू डावीकडून जसंच्या तसं वाचतं, "बेचाळीसपेक्षा मोठी एकोणचाळीस". उलटंच की! मगरीच्या तोंडात 'पेक्षा' नसतं, म्हणून ती वाचवते. माझं ऐकाल तर ४२ > ३९ ला "४२ मोठी, ३९ लहान" असं वाचून घ्या.

सिरोंचावाला:
आमच्याकडं घरी तेलुगू बोलणाऱ्या लेकरांचा हा घोळच नाही. ३९ म्हणजे मुप्पै तोम्मिदी, तीस अन् नऊ, लिहिते तसंच बोलते. २०१९ ला बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक' आलं होतं ते याच्यासाठीच ना? केवढा गदारोळ झाला, मंगला नारळीकर बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष होत्या, त्या समजावून सांगत होत्या पण ऐकते कोण.

दोन लेकरांचा बाप:
ते 'चाळीस दोन' पुन्हा आणू नका बाप्पा! काट्यावर आजीनं बेचाळीस म्हटलं अन् नातवाले समजलंच नाही तं? नावं आहेत तशीच राहू द्या, घोकून घ्या.

झेडपीचा मास्तर:
नावं बदला असं मी म्हटलंच नाही. पण घोकणं अन् कळणं यातला फरक काट्यावरच दिसते भाऊ. पोरगी ३९ ला जास्त म्हणत होती, तिले आकडे पाठच होते.

अंगणवाडीवाली ताई:
तुम्ही चिन्हावर भांडा, आमच्याकडं येणाऱ्या काही लेकरांना पाच बोरं पसरून ठेवली की ढीग केलेल्या सहापेक्षा जास्त वाटतात. मी एकास एक जोडी लावून घेते, उरलं ते जास्त. बरं सर, जुड्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या काड्यांच्या, का तुरीच्या?

झेडपीचा मास्तर:
तुरीच्या, वीतभर कापून. पऱ्हाटी हाताले टोचते. अन् रबर लावू नका ताई, उन्हाळ्यात तुटते, सुतळीच बांधा.