रिटायर झाल्यावर जुन्याच कारखान्यात कॉन्ट्रॅक्टवर परत जायचंय, कागदावर काय काय लिहून घेऊ?

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

मी सोलापूरचा. टॉवेलच्या कारखान्यात यार्न डायिंगला, म्हणजे सूत रंगवायच्या खात्यात होतो, हेल्पर म्हणून लागलो आणि शेवटची चौदा वर्षं डायिंग मास्टर. मागच्या वर्षी ५८ पूर्ण झाली, शाल-नारळ झालं, पीएफ सगळा काढला आणि त्यातला बराचसा जुळे सोलापूरच्या घराच्या कर्जात गेला. ईपीएसची, म्हणजे पीएफबरोबर मिळणारी पेन्शन सुरू झालीय, तीन हजारालाही कमी भरते, म्हणजे लाइट बिल आणि थोडा किराणा. बाकी दर चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येतं ते भरायचं एवढीच ड्युटी उरलीय, आणि तीही मला नीट जमत नाही असं बायकोचं म्हणणं.

तर झालं असं, गेल्या महिन्यात कारखान्यातून फोन आला, काका एक लॉट (एका वेळी रंगवलेलं सूत) बिघडलाय तेवढा बघून जा. गेलो. मरून शेड होती, लॅबमध्ये बरोबर जुळायची आणि मशीनवर काढली की मळकट यायची, तीन वेळा टॉपिंग, म्हणजे वरून परत रंग देऊन झालेलं. नवीन मुलगा हुशार आहे, शिकलेला आहे, काँप्युटरवर रेसिपी काढतो, चूक त्याची नव्हतीच खरं तर. मी रेसिपी बघितलीच नाही, म्हटलं आधी पाणी दाखव. मशीनच्या नळाचं पाणी बाटलीत घेतलं, साबणाचे थेंब टाकून हलवलं, फेस काय येईना, वर नुसती पांढरी साय. उन्हाळा म्हणून बोअरचं पाणी जास्त चाललेलं आणि पाण्याचा जडपणा काढणाऱ्या सॉफ्टनरला मीठ देऊन रिजनरेट करायचं असतं ते दोन दिवस कुणी केलंच नव्हतं. लॅबवाला पोरगा मात्र डिस्टिल्ड वॉटर वापरायचा, मग शेड जुळणार कशी? संध्याकाळपर्यंत लॉट निघाला. खोटं कशाला बोलू, येताना गाडीवर शीळ घालत आलो.

दुसऱ्या दिवशी धाकटे शेठ म्हणाले परत या, कॉन्ट्रॅक्टवर, महिना ३५ हजार, कागदबिगद कशाला, घरचंच आहे की. आता या 'घरचंच आहे' वर मी आयुष्यभरात किती ओव्हरटाइम फुकट केलाय ते मला माहिती. म्हणून विचारतोय.

तिथला अकौंटंट म्हणतो पगारावर घेऊ नाहीतर तुम्ही दर महिन्याला बिल द्या, नाहीतर लेबर कॉन्ट्रॅक्टरच्या नावावर दाखवू. यातलं काय घ्यावं? माझी पेन्शन बंद होईल का? पीएफ परत कापणार का? बिल दिलं तर टीडीएस कापणार म्हणतात, मी जन्मभर पाण्याचाच टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेले क्षार, बघत आलो, हा दुसरा आपल्याला कळत नाही. आणि मुख्य म्हणजे रात्रीचे फोन. पूर्वी रात्री दोनला फोन यायचा आणि मी जायचो. आता शुगर आहे, बायको सरळ नाही म्हणतेय, पुण्याचा मुलगा म्हणतो इकडे येऊन राहा. तिकडे फ्लॅटमध्ये मी काय करू, सांगा.

प्रतिसाद : हिशोबवाली

काका, पेन्शनची काळजी सोडा. ईपीएस ५८ ला सुरू झाली की नंतर नोकरी केली म्हणून ती थांबत नाही, फक्त वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यायला विसरू नका. पीएफ तुम्ही रिटायर होऊन पूर्ण काढलाय ना, मग परत कापायची सक्ती नाही. कापलाच तर मालकाचा वाटा पेन्शन फंडात न जाता पूर्ण पीएफमध्ये जातो, ते पगारपत्रकावर तपासून घ्या, आमच्याकडे एकाचं वर्षभर चुकीचं चाललेलं.

बिल दिलं तर फीवर १० टक्के कापतात, टेक्निकल सर्व्हिस धरली तर २ टक्के. ते पैसे बुडत नाहीत, रिटर्न भरला की परत येतात. २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत टॅक्स शून्य आहे, तुमचं सगळं धरून निम्म्याच्याही आत बसतंय. जीएसटी २० लाखांच्या खाली लागत नाही. प्रोफेशन टॅक्सचे वर्षाला अडीच हजार मात्र ६५ होईपर्यंत सुटत नाहीत, बिलावर काम केलं तर ते स्वतः नोंदणी करून भरायचे.

प्रतिसाद : चिंचोळी एमआयडीसी

टॅक्स राहू द्या बाजूला, हात भाजला तर काय ते विचारा आधी. डायिंगमध्ये स्टीम आहे, कॉस्टिक आहे. २१ हजाराच्या वर पगार म्हणजे ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) नाही, पण पगारावर असाल तर अपघाताची भरपाई कायद्यानं मागता येते. बिल देणारा माणूस म्हणजे बाहेरचा, त्याचं कुणी बघत नाही. आणि लेबर कॉन्ट्रॅक्टरच्या नावावर अजिबात जाऊ नका, उद्या शेठ म्हणणार त्याला विचारा आणि तो म्हणणार शेठला विचारा.

मी तुमच्या जागी असतो तर एक वर्षाचं फिक्स्ड टर्म लेटर मागितलं असतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे लेबर कोड लागू झालेत, त्यात नेमणुकीचं पत्र द्यावंच लागतं आणि फिक्स्ड टर्मवाल्याला वर्ष भरलं की ग्रॅच्युइटीचा हक्क येतो, पाच वर्षं थांबायचं नाही. शिवाय मेडिक्लेम वेगळा मागा, कंपनीचा ग्रुपवाला रिटायर झालात त्याच दिवशी संपला असेल.

प्रतिसाद : नवी पेठ

३५ हजार कमी आहेत हो! एक लॉट परत काढायचा म्हटलं तर रंग, वाफ, पाणी सगळं मिळून किती जातं ते तुम्हालाच माहिती, आकडा शेठसमोर मांडा. आणि रोज जायचंच कशाला? आठवड्यातून तीन दिवस, दहा ते पाच, त्या पोराला शिकवायचं असं ठरवा. रात्री फोन आला तर अर्ध्या दिवसाचे पैसे, गाडी पाठवली तरच येणार, हे लेटरमध्येच लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं आपल्या सोलापुरात उन्हानं वाळून जातं.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. काल जाऊन आलो. लेटर द्यायला शेठ तयार झाले, तोंड जरा वाकडं झालं पण तयार झाले. तीन दिवस, पगारावर, एक वर्ष, पैसे तेवढेच. मेडिक्लेमचं बघतो म्हणाले, म्हणजे मागे लागावं लागणार. सॉफ्टनरचं रजिस्टर रोज कुणी भरायचं ते मी पहिल्याच दिवशी भिंतीवर चिकटवणार आहे.

रात्रीच्या फोनचं कलम मात्र ते घालेनात, म्हणाले असं कुठं लिहितात का काका. बायकोला हे वाचून दाखवलं तर ती म्हणाली नको लिहू देत, रात्रीचा फोन मीच उचलत जाईन.