रोटाच्या थेंबांनी आतडं अडकतं का? शेजारच्या बाळाची सोनोग्राफी बघून घरचे घाबरलेत

जालनेकर_बाबा:
नमस्कार मंडळी. मुलगी अडीच महिन्यांची होतेय, बुधवारी अंगणवाडीत लसीकरण आहे, आशाताई दोनदा आठवण करून गेल्या. पण झालंय असं की शेजारच्या सात महिन्यांच्या बाळाला अचानक उलट्या सुरू झाल्या, रडून रडून लालबुंद, लंगोटात रक्त, रात्रीच गाडी करून संभाजीनगरला नेलं तर सोनोग्राफीत कळलं आतड्यात आतडं घुसलंय. बाळ आता बरं आहे. पण त्याच्या आजीनं गल्लीभर सांगितलं की हे सरकारी रोटाच्या थेंबांनी (जुलाब करणाऱ्या रोटा विषाणूवरची लस) झालं, आणि सोनोग्राफीचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरतोय, खाली लिहिलंय 'पुरावा'. आमची आई म्हणते फुकटचं काही पाजू नका. दीड महिन्याचा डोस दिलाय, तेव्हा काहीच झालं नाही. पुढचा देऊ की थांबू? 'डॉक्टरांना विचारा' एवढंच लिहू नका प्लीज, ते विचारणारच आहे.

सोनोवाला:
मी तालुक्याच्या गावी सोनोग्राफी करतो, असल्या केसेस बघितल्यात. याला इंटससेप्शन म्हणतात. स्क्रीनवर गोलात गोल दिसतो, एकदा बघितला की विसरत नाही. पण त्या फोटोत एवढंच कळतं की आतडं आतड्यात गेलंय, का गेलं ते कुठलंच मशीन सांगत नाही, मग 'पुरावा' कशाचा? हा आजार लस यायच्या आधीपासून आहे आणि तो होतोच मुळात साधारण चार ते दहा महिन्यांच्या बाळांना. रोटाचे डोस दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना. ज्या देशांत लसीचा थोडा धोका सापडला तिथं तो मुख्यतः पहिल्या डोसनंतरच्या आठवड्याभरात दिसला. शेजारच्या बाळाचे डोस वेळेवर झाले असतील तर मध्ये तीन महिने गेलेत.
आणि एक, पूर्वी अशी बाळं 'मुरडा' नाहीतर 'नजर लागली' या नावाखाली जायची. आता गावोगाव मशीन आलं म्हणून निदान होतंय, लोकांना वाटतं आजार नवीन आला.

तिरकस_तात्या:
साहेब, सगळं अफवेवर ढकलू नका. अमेरिकेत रोटाशिल्ड नावाची लस १९९८ ला आली आणि १९९९ ला याच कारणावरून काढून घेतली. म्हणजे आजी एकदमच वेड्या नाहीत ना? तिकडं बंद करायची आणि इकडं गरिबाच्या पोरांना पाजायची, असं वाटलं तर लोकांचं काय चुकलं?

सोनोवाला:
तात्या, मुद्दा बरोबर आहे, रोटाशिल्डने धोका होता, साधारण दहा हजारात एक. पण ती लस वेगळी. आत्ताच्या लसींवर अमेरिका-ऑस्ट्रेलियात लाखात एक ते सहा इतका धोका दिसला, तरी त्यांनी चालू ठेवल्यात, म्हणजे त्यांचीही पोरं रोटाची लस घेतातच. आफ्रिकेतल्या सात देशांत बघितलं तर वाढ दिसली नाही. आपल्याकडं २०१६ पासून सरकारी कार्यक्रमात रोटा सुरू झाली, २७ हॉस्पिटलमधल्या बाळांचा अभ्यास २०२० मध्ये छापून आला, रोटाव्हॅक या आपल्याकडच्या रोटा लसीचा संबंध सापडला नाही.
हिशोब असा की अमेरिकेत रोटाच्या जुलाबानं वर्षाला काही डझन पोरं जायची, आपल्या देशात लस यायच्या आधी अंदाजे ७८ हजार. तिकडं लस मागे घेणं परवडलं. पुढच्या लसी २००६ च्या आसपास आल्या, तोवर गरीब देशांतली पोरं मरतच होती, याचा व्हॉट्सॲप फॉरवर्ड कुणी करत नाही.
खरं सांगू, माझा राग दुसरीकडंच आहे. पोट दुखलं की हजार रुपये मोजून सोनोग्राफी करतात, रिपोर्टमध्ये 'लिम्फ नोड्स' म्हणजे पोटातल्या बारीक गाठी दिसल्या की (लहान मुलांत बहुतेक वेळा दिसतात, काही नसतं त्यात) घरभर सुतक, आणि फुकटच्या डोसवर मात्र संशय. पैसे मोजलेला कागद खरा, फुकटचा थेंब खोटा!

कावेरी_सिस्टर:
बाबा, तुमच्या मुलीला स्वतःला आधी आतडं अडकलं असतं तर रोटा देत नाहीत. शेजारच्याला झालं म्हणून तुमचा डोस थांबवायचं कारण नाही. पण एवढं घरात सगळ्यांना सांगून ठेवा, आजीलासुद्धा: बाळ मध्येच पाय पोटाशी घेऊन किंचाळतं, मग गप्प निपचित पडतं, परत किंचाळतं, हिरवी उलटी, लाल जेलीसारखी शी, असं काही दिसलं तर घुटी पाजत बसू नका, लगेच मोठ्या हॉस्पिटलला. लवकर गेलं तर शीच्या जागेतून हवा किंवा सलाइन सोडून आतडं परत जागेवर आणता येतं, उशीर झाला की ऑपरेशन. आमच्याकडं रात्री सोनोग्राफी करायला कुणी नसतं, तिथंच वेळ जातो, लसीच्या वादापेक्षा त्यावर गल्लीनं आरडाओरडा केला तर बरं होईल.

जालनेकर_बाबा:
धन्यवाद सगळ्यांना. तात्यांचंही, कारण आई हेच विचारणार होती. सिस्टर, मागच्या वेळी मांडीच्या इंजेक्शननंतर रात्री ताप आला होता, मग थेंब आणि इंजेक्शन वेगवेगळ्या दिवशी मागू का?

कावेरी_सिस्टर:
नको, एकाच दिवशी द्या, तो ताप बहुतेक पेंटाचा (पाच आजारांवरच्या एकत्र इंजेक्शनचा) असतो, एक-दोन दिवसात उतरतो. पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे किती द्यायचं ते तिथल्या सिस्टरकडून कार्डावर लिहून घ्या. पाजल्यावर अर्धा तास तिथंच थांबा.